आभाळ गडगडतं तेव्हा...

मे महिन्यातली दुपार. चार वाजून गेलेले. पंख्याचा वारासुद्धा गरम लागतोय आणि घरात कुणी कुणाशी धड बोलत नाहीये. अशा वेळी सिंहगडाच्या बाजूने आभाळ भरून यायला लागतं. वारा सुटतो, खिडक्या आपटतात, वाळत घातलेले कपडे काढायला धावपळ होते. पहिले टपोरे थेंब तापलेल्या अंगणात पडतात आणि मातीचा तो वास घरभर पसरतो. वळवाच्या पावसाचं कौतुक पुणेकराला निराळं सांगायला नको. चहाचं आधण चढतं, कांदा चिरला जातो आणि दिवसभर रुसलेली माणसं खिडकीशी येऊन एकमेकांशी बोलायला लागतात.

आमच्या घरात या आनंदसोहळ्याच्या वेळी एक जण मात्र आईच्या कॉटखाली, भिंतीला अंग चिकटवून थरथरत बसलेला असायचा. त्याचं नाव शेरू. हे नाव आमच्या धाकटीने ठेवलं, तेव्हा तो ओंजळीत मावेल एवढा होता आणि आमच्या फाटकाशी थांबून मोटारींवर भुंकत होता. जात विचाराल तर अस्सल गावठी. अंगाने तांबूस, एक कान उभा आणि एक पडका. पोस्टमन, भंगारवाला, शेजारचा दांडगा बोका, कुणालाही न भिणारा हा शेर, ढग गडगडला की पार गलितगात्र व्हायचा. जीभ बाहेर, लाळ गळतेय, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झालेल्या. पुढ्यात आवडीचं काही ठेवलं तरी त्याकडे बघायचासुद्धा नाही. पाहुणे हसायचे. "नाव शेरू आणि भितो ढगाला!" आम्हीही हसायचो. आज ते हसणं आठवलं की ओशाळायला होतं.

"लाड करू नका"

कुत्रं पाळणाऱ्याला सल्ले फुकट मिळतात. आम्हालाही मिळाले. सगळ्यांचा सूर एकच. तो घाबरला की तुम्ही जवळ घेता, म्हणून तो जास्त घाबरतो. लाड बंद करा. एकदा बाहेर बांधून ठेवा, ढग काही खात नाही हे त्याचं त्याला कळेल. सांगणारे अनुभवी होते. शिवाय आमच्या लहानपणी पोहायला शिकवण्याची रीतही विहिरीत ढकलून देण्याचीच होती. मला ते पटलं.

२०१९ च्या मे महिन्यात एका संध्याकाळी आभाळ भरून आल्यावर मी शेरूला कॉटखालून ओढून काढलं आणि व्हरांड्यातल्या खांबाला बांधलं. दार लावून घेतलं. आई म्हणाली, "अरे, नको." मी म्हटलं, "आई, तू मध्ये पडू नकोस." पंधरा-वीस मिनिटं त्याचं केकाटणं ऐकू येत होतं. मग डोक्यावर वीज पडावी असा एक कडकडाट झाला, दिवे गेले आणि व्हरांडा एकदम शांत झाला. मला वाटलं, जिंकलो. दार उघडून बघतो तर खांबाला साखळी लोंबत होती आणि तिच्या टोकाला तुटलेला पट्टा होता.

दोन रात्री आणि एक दिवस आम्ही त्याला शोधत होतो. कर्वेनगरातल्या गल्ल्या, नदीकाठ, कालव्याचा रस्ता. धाकटी माझ्याशी बोलत नव्हती. तिसऱ्या दिवशी पहाटे एका अर्धवट इमारतीवरच्या रखवालदाराने निरोप धाडला. आम्ही गेलो. वाळूच्या ढिगामागे सिमेंटच्या पाइपात शेरू बसला होता. पुढच्या पायांची नखं उखडलेली, गळ्याभोवतीचं कातडं सोललेलं. "साहेब, दोन दिस झालं, भाकर टाकली तर खाईना," रखवालदार सांगत होता. मी हाक मारल्यावर शेरू सरपटत बाहेर आला आणि त्याने माझाच हात चाटला. ज्याने बांधलं त्याचाच. त्या क्षणी मला मान वर करवेना.

डॉक्टरांनी शिकवलेला धडा

जखमांवर औषध लावता लावता जनावरांच्या डॉक्टरांनी माझी शाळा घेतली. ते म्हणाले, "भीती ही काही खोड नव्हे, की लाडाने वाढेल आणि माराने जाईल. तुम्हाला ताप आलाय आणि बायकोने कपाळावर हात ठेवला, तर ताप वाढतो का?"

मग त्यांनी समजावून सांगितलं आणि मीही पुढे बरंच वाचून काढलं. माणसाला साधारण २० हजार हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, कुत्र्याला ४० हजारांच्याही पुढचे. आपल्याला पत्ता न लागणारे हलके आवाजही त्याला टिपता येतात. वीज चमकते तेव्हा तिच्या वाटेतली हवा क्षणात ३० हजार अंश सेल्सिअसच्या आसपास तापते आणि स्फोटासारखी फुलते. तोच गडगडाट. आपल्याला त्याचं कारण ठाऊक असतं. कुत्र्याला ना कारण ठाऊक, ना तो कधी थांबेल याचा अंदाज. आणि त्याची भीती काही आवाजापाशीच सुरू होत नाही. सुटलेला वारा, दाटलेला अंधार, ओल्या मातीचा वास या सगळ्यांची त्याच्या मनात एक माळ ओवलेली असते. म्हणून तर पहिला ढग वाजण्याआधीच शेरू खोल्या-खोल्यांतून येरझाऱ्या घालायला लागायचा.

हा एकट्या शेरूचा भित्रेपणाही नव्हे. फिनलंडमधल्या संशोधकांनी १३,७०० पाळीव कुत्र्यांची माहिती त्यांच्या मालकांकडून गोळा केली होती. २०२० साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सर्व प्रकारच्या भयांत आवाजाचं भय सर्वांत जास्त आढळलं, जवळजवळ तिसरा हिस्सा कुत्र्यांमध्ये. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या संशोधकांनी २००५ मध्ये ढगांना भिणाऱ्या कुत्र्यांना गडगडाटाची ध्वनिफीत ऐकवली, तेव्हा त्यांच्या लाळेतलं ताणाचं संप्रेरक, म्हणजे कॉर्टिसोल, दुपटीहून अधिक वाढलेलं दिसलं. आवाज थांबल्यावरही ते बराच वेळ खाली आलं नाही. म्हणजे पाऊस थांबून आपली भजी खाऊन झाली, तरी कॉटखालच्या जिवाचं वादळ चालूच असतं.

आईची गोष्ट

शेरूला घरी आणलं त्या रात्री आई त्याच्याजवळ जमिनीवर बसली होती. गुडघ्यांच्या दुखण्यामुळे ती एरवी जमिनीवर बसत नाही. मी जवळ गेलो तर म्हणाली, "याला पुन्हा बांधू नकोस. आणि हसूही नका कुणी. मला ठाऊक आहे ते काय असतं."

१२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, त्यापाठोपाठ खडकवासल्याचंही. तेव्हा आई अकरा वर्षांची होती आणि नारायण पेठेतल्या वाड्यात राहत होती. "धरण फुटलं, पळा" असा ओरडा झाला आणि आत्याने तिचं मनगट धरून पर्वतीच्या दिशेने धाव घेतली. हे सगळं आम्ही ऐकलेलं होतं. न ऐकलेलं होतं ते पुढचं. पाणी ओसरल्यावर ती माणसं आपला वाडा बघायला परत आली. तेव्हा गल्लीतल्या भिजलेल्या मातीच्या भिंती एकेक करून खाली बसत होत्या. मध्येच कुठेतरी धप्प असा आवाज व्हायचा, पायाखालची जमीन हलायची आणि कुणीतरी रडायला लागायचं. "ढग लांबून वाजला ना, की मला अजून तो आवाज ऐकू येतो," आई म्हणाली.

मला आठवलं, लहानपणी ढग गडगडायला लागले की आई हातातलं काम टाकून देवघरापाशी जाऊन बसायची. बाबा हसून म्हणायचे, "काय गं, फुटलं का पुन्हा धरण?" आणि आम्ही भावंडंही त्या हसण्यात सामील व्हायचो. आई कधी काही बोलली नाही. ती फक्त आमच्यापासून भीती लपवायला शिकली. कुत्र्याला तेवढं जमत नाही, म्हणून तो कॉटखाली जातो.

पूर आणि ससा

योगायोग असा, की पुराच्याच एका हकिगतीने भीतीच्या शास्त्रात भर घातली आहे. घंटा वाजली की कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटतं, हे पावलॉवचं नाव घेऊन आपण शाळेत शिकलो. सप्टेंबर १९२४ मध्ये लेनिनग्राड शहरात मोठा पूर आला आणि पावलॉवच्या कुत्र्यांच्या घरात पाणी शिरलं. कुत्र्यांना अक्षरशः पोहत बाहेर काढावं लागलं. जीव वाचले, पण काही कुत्री शिकवलेलं सगळं विसरून गेली. एक कुत्रं तर प्रयोगाच्या खोलीत अन्नाला तोंड लावेना. एरवी प्रयोग करणारा माणूस खोलीबाहेर थांबत असे. तो आत येऊन कुत्र्याजवळ बसल्यावर मात्र ते हळूहळू सावरलं. पुढे बऱ्याच दिवसांनी त्याच खोलीच्या दाराखालून पाण्याची बारीकशी धार सोडून पाहिली, तर पुराची सगळी भीती पुन्हा जागी झाली.

त्याच १९२४ साली, तिकडे अमेरिकेत, मेरी कव्हर जोन्स या तरुण मानसशास्त्रज्ञ बाईंनी पीटर नावाच्या जेमतेम तीन वर्षांच्या मुलाची हकिगत प्रसिद्ध केली. हा पीटर सशाला घाबरायचा. बाईंनी त्याला ढकललं नाही, लाजवलंही नाही. तो आवडीचा खाऊ खायला बसला की पिंजऱ्यातला ससा खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला ठेवायचा. पीटर बिचकला नाही, तर पुढच्या वेळी थोडा अलीकडे. असं करत करत एक दिवस पीटर सशाच्या अंगावरून हात फिरवू लागला. कुत्र्यांची भीती घालवण्याची आजची पद्धत मुळात हीच आहे. भीती इतकी छोटी करायची की तिच्याशेजारी बसून घास घेता येईल. मग ती तसूतसूने वाढवायची.

आम्ही काय केलं

पहिलं काम, शेरूला त्याची जागा देणं. कुत्रं कॉटखाली किंवा मोरीत जाऊन लपतं ते मूर्खपणाने नव्हे, त्याने स्वतःसाठी शोधलेला तो उपाय असतो. आईची खोली घराच्या मधोमध आहे. तिथे कॉटखाली जुनी गोधडी घातली, बाजूने चादर सोडली, विजेचा लखलखाट दिसू नये म्हणून खिडकीला जाड पडदा लावला. आभाळ भरलं की पंखा मोठा करायचा आणि रेडिओ लावायचा. दार कधी बाहेरून बंद करायचं नाही. आत-बाहेर जाण्याची मुभा हवी, कोंडलेलं भयभीत कुत्रं दारं ओरबाडून स्वतःला इजा करून घेतं.

दुसरं म्हणजे वेळ साधणं. आमच्याकडे गडगडाट असतो तो मुख्यतः एप्रिल-मेच्या वळवात आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या परतीच्या पावसात. ऐन जुलै-ऑगस्टची संततधार शेरू निवांत झोपून काढतो. तेव्हा शिकवणी घ्यायची ती कोरड्या दिवसांत. दिवाळीचे फटाके पूर्ण थांबल्यावर, नोव्हेंबरच्या अखेरीस, आम्ही ढगांच्या गडगडाटाची ध्वनिफीत मिळवली. पहिल्या दिवशी आवाज इतका बारीक ठेवला, की धाकटी म्हणाली, "बाबा, लागलंय का तरी?" शेरूचा पडका कान मात्र हलला होता. ढग वाजला, की लगेच उकडलेल्या चिकनचा एक तुकडा. मीठ-मसाला काही नाही. क्रम महत्त्वाचा. आधी आवाज आणि मग खाऊ, म्हणजे आवाज ही खाऊची वर्दी ठरते. दिवसाकाठी पाच-दहा मिनिटं, त्याहून जास्त नाही. चार-पाच दिवसांनी आवाज एक काटा वर. कान मागे गेले, जीभ ओठांवरून फिरायला लागली, खाऊ नाकारला, की आपण घाई केली असं समजायचं आणि दोन पावलं मागे यायचं. जानेवारीत मी अशी घाई केली आणि तीन आठवड्यांची कमाई एका संध्याकाळी घालवली. पुन्हा श्रीगणेशा.

ध्वनिफितीला मर्यादा असतात. तिच्यात वारा नसतो, मातीचा वास नसतो, लखलखाट नसतो. म्हणून खऱ्या वळवाच्या दिवसांत आईने एक डबा हाताशी ठेवला. खरा ढग वाजला की डब्याचं झाकण उघडायचं. सुरुवातीला शेरू खायचा नाही. आईने तुकडा त्याच्यापुढे ठेवायचा आणि गप्प बसायचं. आग्रह नाही, "अरे काही नाही होत" असा घोशा नाही. त्याला टेकायचं असेल तर पाठ द्यायची, लांब राहायचं असेल तर राहू द्यायचं.

पुण्यातल्याच भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेचं 'दामिनी' नावाचं मोबाइल अ‍ॅप आहे. आसपास विजा पडण्याची शक्यता असेल तर ते इशारा देतं. ते आहे माणसांच्या जीवरक्षणासाठी, पण आमच्याकडे शेरूसाठीही वापरलं जातं. इशारा आला की त्याला आधीच फिरवून आणायचं, दारं-फाटक लावायचं, गळ्यातल्या पट्ट्यावर फोन नंबरची चकती आहे ना ते बघायचं. वादळात कुत्रं बाहेर किंवा झाडाखाली बांधू तर नयेच. शेवटी विजा खऱ्याच असतात.

औषधांबद्दल दोन शब्द. काही कुत्र्यांची भीती इतकी तीव्र असते की शिकवणी सुरूच करता येत नाही. अशांना डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांचा आधार घेण्यात काही कमीपणा नाही. अमेरिकेत २०१५ मध्ये खास कुत्र्यांच्या आवाजाच्या भयासाठी, हिरडीला लावण्याच्या एका औषधाला मान्यता मिळाली. एवढं हे दुखणं आता गंभीरपणे घेतलं जातं. आमच्या शेरूलाही मोठ्या वादळाच्या दिवशी गोळी असते. मात्र घरातल्या माणसांच्या झोपेच्या गोळ्या परस्पर देणं हा जीवघेणा खेळ आहे. नुसत्या गुंगीच्या काही जुन्या औषधांनी अंग लुळं पडतं, भीती आत तशीच राहते, हेही डॉक्टरांनी बजावलं. आणि एक. मोठ्या वयाचं कुत्रं अचानक आवाजाला भ्यायला लागलं, तर आधी त्याचे सांधे तपासून घ्या. दचकल्यावर दुखऱ्या अंगातून कळ जाते आणि आवाज व कळ यांची गाठ बसते. दुखण्यावर इलाज झाला की भीतीचं बरंचसं ओझं उतरतं.

डब्याचं झाकण

आता शेरूच्या तोंडाभोवती पांढरे केस आले आहेत. तो शूर झाला का? नाही. वारा सुटला की अजूनही येरझाऱ्या घालतो, पण मग आपण होऊन कॉटखाली जाऊन बसतो. थरथर येते आणि जाते. लाळ गळत नाही. गेल्या वळवात एका कडकडाटानंतर चादरीखालून फक्त त्याचं नाक बाहेर आलं आणि डब्याच्या दिशेने वळलं, तेव्हा आमच्या घरात परीक्षेचा निकाल लागल्यासारखा आनंद झाला.

त्या संध्याकाळी दिवे गेले होते. मी मेणबत्ती घेऊन आईच्या खोलीत गेलो. पंच्याहत्तरीची आई खाटेच्या कडेला बसली होती, तिचा एक हात खाली शेरूच्या डोक्यावर होता. पुन्हा ढग वाजला. आईने डोळे मिटून घेतलेले मला दिसले. मी काही बोललो नाही. तिच्याशेजारी बसलो आणि तिचा दुसरा हात हातात घेतला. इतक्या वर्षांत हे मला सुचलं नव्हतं.

थोड्या वेळाने आई म्हणाली, "अरे, त्याचा डबा उघड. मघाचा तुकडा राहिलाय द्यायचा."